‘पुढची संख्या’ विचारून थांबू नका: तिसरी ते पाचवीच्या मुलांना आकृतिबंधातून बीजगणिताकडे नेताना

चौथीच्या वर्गात फरशीवर झाडूच्या काड्या मांडून आम्ही चौकोनांची आगगाडी करत होतो. पहिल्या चौकोनाला ४ काड्या लागल्या. दुसरा चौकोन पहिल्याला चिकटून काढला की एक बाजू सामाईक होते, म्हणून एकूण ७. तिसऱ्यापर्यंत १०, चौथ्यापर्यंत १३. ‘‘आता पाचवा डबा जोडला तर?’’ अख्खा वर्ग ओरडला, ‘‘सोळा!’’ मग मी विचारलं, ‘‘आणि शंभर डब्यांची गाडी केली तर?’’ वर्ग एकदम गप्प झाला. एक मुलगी हळूच म्हणाली, ‘‘बाई, एवढ्या काड्या नाहीत आपल्याकडे.’’

बीजगणिताची गरज मुलाला पहिल्यांदा जाणवते ती इथे. काड्या पुरत नाहीत, बोटं पुरत नाहीत, तीन-तीन मिळवत शंभरापर्यंत जायला तासिका पुरत नाही. मग काहीतरी नियम शोधावाच लागतो. ‘पुढची संख्या कोणती?’ हा प्रश्न शिष्यवृत्तीच्या पुस्तकात पानोपानी असतो आणि तो वाईटही नाही. पण त्याचं उत्तर द्यायला फक्त मागच्या संख्येकडे बघितलं तरी भागतं. ‘शंभरावी कोणती?’ असं विचारलं की मुलाला क्रमांक आणि संख्या यांचं नातं बघावं लागतं, आणि ते नातं म्हणजेच बीजगणित. खाली जे लिहिलं आहे ते सगळं या एका प्रश्नाभोवती फिरतं.

मी पाचवीच्या ज्या पुस्तकातून शिकवत आले त्यात ‘आकृतिबंध’ आणि ‘बीजगणिताची पूर्वतयारी’ हे पाठ अगदी शेवटी येतात. तोवर वार्षिक परीक्षा तोंडावर आलेली असते आणि दोन्ही पाठ घाईत उरकले जातात. सहावीत समीकरणं आली की मुलं अक्षर बघून दचकतात. म्हणून माझा आग्रह आहे की हे काम फेब्रुवारीपर्यंत थांबवू नये. जूनपासून आठवड्याला एक तासिका पुरते. घरी शिकवणाऱ्या आईबाबांनी रविवारची वीस मिनिटं काढली तरी चालेल.

साहित्य घरातलंच लागतं: झाडूच्या किंवा आइस्क्रीमच्या काड्या, एका पाकिटातल्या सारख्या गोट्या, चार सारख्या लहान कापडी पिशव्या, कपड्यांचा हँगर, दोन करवंट्या, बुटांचं रिकामं खोकं, ठिपक्यांचा कागद.

पहिली पायरी: तोरण

दसऱ्याच्या आधीचा आठवडा याला उत्तम. झेंडू, झेंडू, आंब्याचं पान. झेंडू, झेंडू, आंब्याचं पान असं तोरण फळ्यावर काढा, जमलं तर खरंच ओवा. पहिला प्रश्न पुढचं काय याचा विचारू नका. ‘यात पुन्हा पुन्हा येणारा तुकडा कोणता?’ असं विचारा आणि मुलाला त्या तुकड्याखाली बोट फिरवायला सांगा. बरीच मुलं ‘झेंडू, पान’ म्हणतात, कारण त्यांना दोन प्रकारच्या वस्तू दिसतात. तुकडा तीन वस्तूंचा आहे हे दिसायला थोडा वेळ लागतो, तो द्यावा.

मग विचारा, विसाव्या जागी काय येईल? मुलं वीसपर्यंत चित्रं काढतील. काढू द्या. नंतर पन्नासावी जागा विचारा, मग शंभरावी. चित्रं काढायचा कंटाळा आला की कुणीतरी म्हणतंच, ‘‘पान तिसऱ्याला, सहाव्याला, नवव्याला येतंय. हा तर तीनचा पाढा!’’ मग ४८ वर पान, ४९ आणि ५० वर झेंडू. ९९ वर पान, म्हणून १०० वर झेंडू. भागाकारातली बाकी मुलांना एरवी उरलेला केरकचरा वाटते. इथे बाकीच उत्तर सांगते. बाकी ० आली की पान, १ किंवा २ आली की झेंडू.

लगेच वर्गाला उभं करून टाळी, टाळी, चुटकी असा ताल धरायला लावा आणि विचारा, ‘‘शंभरावी टाळी की चुटकी?’’ जे मूल न मोजता ‘‘टाळीच, हे तोरणासारखंच आहे’’ म्हणतं, त्याच्या हाती फुलं आणि टाळ्यांच्या पलीकडचं काहीतरी लागलेलं असतं.

दुसरी पायरी: ठिपक्यांची रांगोळी

रांगोळीसाठी मी नेहमीच जास्त वेळ राखून ठेवते, कारण आपल्याकडची मुलं हे ज्ञान घरून घेऊन येतात. ‘९ ते ५ ठिपके’ म्हटलं की मधली ओळ ९ ठिपक्यांची आणि वर-खाली एकेक कमी होत ५ पर्यंत, हे तिसरीतल्या मुलीला कळतं. तिला विचारा, एकूण ठिपके किती? ५, ६, ७, ८, ९, ८, ७, ६, ५. बेरीज ६१. कसं मोजलंस? ‘‘वरचे आणि खालचे सारखेच आहेत, म्हणून एकदाच मोजले, दुप्पट केले आणि मधले ९ मिळवले.’’ हे वाक्य फळ्यावर तिच्याच शब्दांत लिहून ठेवा.

आता सोपी रांगोळी घ्या: १, २, १. एकूण ४. मग १, २, ३, २, १. एकूण ९. मग १, २, ३, ४, ३, २, १. एकूण १६. इथे थांबा आणि कागद थोडा तिरका फिरवायला सांगा. रांगोळीचा उभा हिरा आडवा होतो आणि ४ ओळी, ४ स्तंभांचा चौरस दिसू लागतो. माझ्या वर्गात या क्षणी मुलं कागद पुन्हा पुन्हा फिरवून बघतात, शेजारच्याला दाखवतात. आता ‘१ पासून १० पर्यंत चढून परत १ पर्यंत उतरलो तर?’ हा प्रश्न कुणी बेरीज करून सोडवत नाही. १० गुणिले १०, म्हणजे १००.

त्याच चौरसात १, ३, ६, १० या त्रिकोणी संख्याही दडल्या आहेत. हिऱ्याची वरची बाजू १ + २ + ३ + ४ म्हणजे १०, खालची ३ + २ + १ म्हणजे ६. शेजारच्या दोन त्रिकोणी संख्या मिळून चौरस संख्या होते, हे सूत्र म्हणून सांगण्याऐवजी दोन रंगांचे खडू हातात द्या.

इथली एक सवय पुढे फार उपयोगी पडते. मुलाने ‘असं होतं’ म्हटलं की ‘नेहमीच होईल का? का?’ असं विचारायचं. दोन विषम संख्यांची बेरीज सम येते हे दहा उदाहरणांनी पटतं. पण ‘‘दोघांच्याही जोड्या लावल्या की एकेक उरतो, ते दोन एकटे मिळून जोडी होते’’ असं जेव्हा मूल फुगडीच्या जोड्या लावून सांगतं, तेव्हा ते सगळ्या विषम संख्यांबद्दल बोलत असतं.

तिसरी पायरी: काड्यांची गाडी आणि तिसरा रकाना

आता सुरुवातीच्या काड्यांकडे या. तक्ता तीन रकान्यांचा करा: डबे किती, काड्या किती, कशा मोजल्या. पहिले दोन रकाने सगळेच करतात. खरं काम तिसरा करतो. त्यात उत्तर लिहायचं नाही, मांडणी लिहायची. ३ डब्यांपुढे १० काड्या लिहिल्या की तिसऱ्या रकान्यात १ + ३ + ३ + ३. ४ डब्यांपुढे १ + ३ + ३ + ३ + ३. मुलं ‘बेरीज करून टाकू का?’ विचारतात, कारण मांडणी अर्धी ठेवायची त्यांना सवय नसते. अर्धीच ठेवायला सांगा. मग त्यांना दिसतं की १ तसाच राहतोय आणि ३ जेवढे डबे तेवढ्या वेळा येतोय. शंभर डब्यांना १ + ३ × १००, म्हणजे ३०१.

पण सगळी मुलं असं मोजत नाहीत, आणि ते चांगलंच आहे. एक जण म्हणेल, प्रत्येक डब्याला ४ काड्या धरल्या, ४००, आणि जोडाच्या ९९ जागी एकेक काडी दोनदा मोजली गेली ती वजा केली. ३०१. दुसरी म्हणेल, वरच्या १००, खालच्या १००, उभ्या १०१. पुन्हा ३०१. तिन्ही मांडण्या फळ्यावर शेजारी शेजारी लिहा आणि मुलांना काड्यांवर बोट ठेवून दाखवायला लावा की कोणता आकडा कोणत्या काड्यांचा आहे. सातवी-आठवीत दोन बैजिक राशी (अक्षरं वापरून केलेल्या मांडण्या) ‘सारख्याच’ आहेत हे शिकवताना जी ओढाताण होते ती यामुळे पुष्कळ कमी होते.

एक चूक हमखास होते आणि ती होऊ द्यावी. ५ डब्यांना १६ काड्या लागल्या, म्हणून १० डब्यांना ३२. मूल दुप्पट करतं. ‘चूक’ म्हणून पुढे जाऊ नका. दोन मुलांना पाच-पाच डब्यांच्या दोन गाड्या करायला सांगा आणि त्या जोडायला सांगा. जोडताना मध्ये दोन काड्या एकावर एक येतात, एक उचलावी लागते. ती उचललेली काडी मुलाच्या हातात असते आणि उत्तर ३१ असतं. मूल ते विसरत नाही.

शेवटी उलटा प्रश्न: ६१ काड्या आहेत, किती डब्यांची गाडी होईल? पहिली उभी काडी बाजूला ठेवली, ६० उरल्या, तीन-तीनचे २० डबे. आणि ६२ असतील तर? एक काडी उरेल. हे समीकरणच सोडवणं आहे, फक्त त्याला अजून नाव दिलेलं नाही.

एवढं झाल्यावर प्रत्येकाला नियम एका मराठी वाक्यात लिहायला सांगा. ‘जेवढे डबे त्याच्या तिप्पट आणि एक काडी जास्त.’ हे वाक्य स्पष्ट येईपर्यंत अक्षराकडे वळू नका. वाक्य गोंधळलेलं असेल तर अक्षर घातल्याने ते सुधारत नाही.

चौथी पायरी: गिरणी

बुटांच्या खोक्याला दोन फटी पाडा. एकीकडून चिठ्ठीवर संख्या टाकायची, दुसरीकडून दळून आलेली बाहेर. आत हात घालून बसलेलं मूल गिरणीवाला. नियम फक्त त्यालाच माहीत. समजा नियम आहे दुप्पट करून ३ मिळवा. ४ टाकले, ११ आले. लगेच हात वर होतात: ‘‘सात मिळवा!’’ मग १० टाकले तर २३ येतात आणि तो अंदाज कोसळतो. १ टाकला की ५. कुणाला सुचलं आणि ० टाकला की ३, आणि तिथे ‘३ मिळवा’ हा भाग उघडा पडतो.

यात दोन नियम कडक ठेवा. संख्या १, २, ३ अशा क्रमाने टाकायच्या नाहीत, नाहीतर मुलं आडवं, म्हणजे टाकलेल्या आणि आलेल्या संख्येचं नातं, बघायचं सोडून पुन्हा वरून खाली ‘दोन-दोनने वाढतंय’ बघतात. आणि ज्याला नियम कळला त्याने तो सांगायचा नाही. पुढच्या संख्येचं उत्तर अचूक देऊन कळल्याचं दाखवायचं. त्यामुळे मागे बसलेल्यांनाही विचार करायला वेळ मिळतो.

मग गिरणी उलटी चालवा: ३१ बाहेर आले, आत काय टाकलं होतं? ३ काढा, निम्मे करा, १४. शेवटच्या कृतीपासून उलट येण्याच्या या रीतीला भास्कराचार्यांच्या ११५० च्या सुमारास लिहिलेल्या ‘लीलावती’त व्यस्तविधी म्हटलं आहे. पाचवीच्या मुलांना हे जरूर सांगावं.

पाचवी पायरी: ‘बरोबर’ म्हणजे काय?

फळ्यावर लिहा: ८ + ४ = □ + ५. चौकटीत काय? चौथी-पाचवीतसुद्धा अनेक मुलं १२ लिहितात. काही १७ लिहितात. उत्तर ७ आहे. मुलांचा दोष नाही. पहिलीपासून त्यांनी ५ + ३ = एवढंच पाहिलेलं असतं, डावीकडे गणित आणि उजवीकडे उत्तर, त्यामुळे त्यांच्या लेखी = म्हणजे ‘आता उत्तर लिही’. शिवाय मराठीत आपण ते चिन्ह ‘बरोबर’ असं वाचतो आणि तपासलेल्या वहीवरही ‘बरोबर’ असंच म्हणतो. मी वर्गात काही महिने ‘दोन्हीकडे सारखंच’ असं वाचायला लावते.

उपाय सोपा आहे. पहिली-दुसरीपासूनच अधूनमधून ८ = ५ + ३ असं उलटं लिहा. ‘खरं की खोटं’ खेळा: ७ = ७, ६ + ५ = ५ + ६, ४ + ३ = ७ + २. मग ३७ + २८ = ३८ + २७, आणि अट अशी की बेरीज करायची नाही. ‘‘इकडे एक वाढला, तिकडे एक कमी झाला, म्हणून खरं’’ हे उत्तर तुम्हाला ऐकायचं आहे.

त्यानंतर तराजू. हँगरच्या दोन टोकांना सारख्या लांबीच्या दोऱ्यांनी करवंट्या बांधा आणि हँगर खिळ्याला टांगा. करवंट्यांचं वजन जुळत नसेल तर हलक्या बाजूला थोडी माती चिकटवा. एका पिशवीत गोट्या लपवा; दुसरी रिकामी पिशवी समोरच्या करवंटीत ठेवा, म्हणजे कापडाचं वजन कटतं. हे विसरलं तर तराजू खोटं बोलतो आणि मुलांचा विश्वास जातो. डावीकडे पिशवी आणि ३ गोट्या, उजवीकडे ८ गोट्या, तराजू समतोल. पिशवीत किती? मुलं मनात सांगतील ५, पण करून बघायला लावा: दोन्हीकडून तीन-तीन उचला, तराजू हलत नाही. फक्त एकीकडून उचलली तर काय होतं तेही बघू द्या. पुढे दोन पिशव्या आणि १ गोटी बरोबर ९ गोट्या. (रिकाम्या पिशव्याही समोर दोन हव्यात.)

सहावी पायरी: चौकटीला नाव

आता मुलांना मनातली संख्या ओळखण्याचा खेळ दाखवा. मनात एक संख्या धर, ५ मिळव, दुप्पट कर, ४ वजा कर, निम्मे कर, मनात धरलेली संख्या वजा कर. उत्तर ३ आलं ना? सगळ्यांचंच ३ येतं. ‘‘बाई, कसं ओळखलं?’’ आता पिशव्या काढा. मनातली संख्या म्हणजे एक पिशवी. पिशवी आणि ५ गोट्या. दुप्पट: दोन पिशव्या, १० गोट्या. ४ काढल्या: दोन पिशव्या, ६ गोट्या. निम्मे: एक पिशवी, ३ गोट्या. पिशवी उचलली. राहिल्या ३. पिशवीत काय होतं ते कुणीच उघडून बघितलं नाही, आणि बघायची गरजही पडली नाही.

पिशवी सारखी काढायचा कंटाळा येतो, म्हणून चौकट. चौकट दोन-तीन झाल्या की गोंधळ होतो, म्हणून अक्षर. या क्रमाने आलं तर मुलाला अक्षर उपरं वाटत नाही. भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ ग्रंथात अज्ञात राशीला ‘यावत्तावत्’ म्हटलं आहे, म्हणजे ‘जेवढं असेल तेवढं’. आणखी अज्ञात राशी आल्या की कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावं, आणि लिहिताना पहिली अक्षरं या, का, नी, पी. माझी मुलं काही दिवस हौसेने ‘या + ५’ लिहितात. लिहू द्या.

काड्यांचा नियम आता असा लिहिता येतो: डब्यांची संख्या न धरली तर काड्या ३ × न + १.

इथे तीन ठिकाणी सांभाळा. एक, ‘३ क म्हणजे ३ केळी’ असं कधीही सांगू नका, कितीही सोपं वाटलं तरी. अक्षर वस्तूचं लघुरूप नाही, ते संख्येच्या जागी आलेलं आहे. ‘क म्हणजे एका केळ्याची किंमत’ किंवा ‘केळी किती ते’ असं पूर्ण म्हणा. दोन, गुणाकाराचं चिन्ह घाईने गाळू नका. २न लिहिलं आणि न = ५ सांगितलं की काही मुलं २५ लिहितात, आणि त्यांनी आजवर शिकलेल्या स्थानिक किमतीप्रमाणे ते अगदी सुसंगत आहे. पाचवीत २ × न असंच ठेवा. तीन, □ + □ = १० मध्ये मुलं ७ आणि ३ भरतात. एकाच उदाहरणात एकसारख्या चौकटीत एकच संख्या, हा संकेत आहे. तो मुलाला आपोआप कळणार नाही, सांगावाच लागतो.

आणि उत्तरं एकापेक्षा जास्त असू शकतात हे मान्य करा. १, २, ४ च्या पुढे ८ लिहिणारी मुलगी दुप्पट करतेय, ७ लिहिणारा मुलगा १, २, ३ असं वाढवत मिळवतोय. दोघांनाही नियम विचारा, दोघांनाही शाबासकी द्या.

ज्यांचं काम लवकर संपतं त्यांच्यासाठी माझ्याकडे एक कायमचं काम आहे. तीन अंकी संख्या घ्या, तिन्ही अंक सारखे नकोत. त्याच अंकांच्या मोठ्यात मोठ्या संख्येतून लहानात लहान वजा करा, आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करा. २८१ घेतली तर ८२१ − १२८ = ६९३, मग ९६३ − ३६९ = ५९४, मग ९५४ − ४५९ = ४९५, आणि पुढे ४९५ च येत राहतं. उत्तर ९९ आलं तर ०९९ लिहायचं. चार अंकांसाठी तीच जागा ६१७४ घेते, आणि ती शोधणारे द. रा. कापरेकर देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. वजाबाकीचा एवढा सराव मुलं दुसऱ्या कशासाठी आनंदाने करत नाहीत. मध्ये विचारा, प्रत्येक उत्तराच्या मधल्या अंकात काय दिसतं? कडेच्या दोन अंकांची बेरीज किती?

मुलाला समजलं की नाही हे काड्यांवर तपासू नका, ते पाठ झालेलं असतं. नवीन प्रसंग द्या. मी लग्नातली टेबलं देते: एका टेबलाभोवती ४ जण बसतात, दोन टेबलं जोडली की ६, तीन जोडली की ८. वीस टेबलं एका ओळीत जोडली तर किती जण? आणि ५० पाहुणे असतील तर किती टेबलं? गेल्या वर्षी एका मुलाने अक्षर वापरलं नाही, तक्ताही केला नाही. वहीत लिहिलं होतं: ‘दोन टोकांचे दोघे बाजूला काढले. राहिले ४८. ते समोरासमोर बसले. म्हणून २४ टेबलं.’ मी त्याखाली ५० = २ × ट + २ लिहिलं आणि त्याला विचारलं, यातला कोणता २ टोकांचा आणि कोणता समोरासमोर बसलेल्यांचा? त्याने क्षणभर बघितलं आणि दोन्हींवर नीट बोट ठेवलं.